वहीतलं कोरं पान

२०२० सालच्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी लागली आणि माणसांबरोबर गाणंही घरात कोंडलं गेलं. तसं पाहिलं तर गाण्याला तोटा नव्हता. रेडिओ चालू होता, टीव्ही चालू होता, हवं ते गाणं हव्या त्या वेळी फोनवर मिळत होतं. बंद झालं होतं ते चार माणसांत बसून, कलाकाराला समोर बघत ऐकायचं गाणं. मैदानं ओस पडली, नाट्यगृहांना कुलपं लागली. मग माणसं तेच करू लागली जे दुष्काळात शेतकरी करतो. मागच्या सुगीच्या आठवणी काढू लागली.

झाशीतल्या एखाद्या मराठी घरात त्या दिवसांत डोकावलं असतं, तर काय दिसलं असतं? पुढचं घर कुणा एकाचं नाही, पण गोष्ट मात्र घरोघरची आहे.

झाशीत मराठी माणूस पाहुणा नाही. नेवाळकरांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत. १८४२ साली गंगाधररावांचं लग्न मणिकर्णिका तांबे हिच्याशी झालं, ते इथल्या गणेश मंदिरात, असं आजही सांगतात. पुढे रेल्वे आली, मोठं जंक्शन झालं, कारखाना झाला आणि नोकरीनिमित्त आणखी घरं आली. आपल्या या घरातले आजोबा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. वडील विमा कंपनीत नोकरीला. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा, वसतिगृह बंद झालं म्हणून दोन बॅगा आणि एक गिटार घेऊन परत आलेला. आणि आई. ती घरातच होती, नेहमीसारखी.

मुलाच्या मित्रांत तेव्हा एक खेळ रंगला होता. प्रत्येकानं आपल्या आवडत्या पाच रॉक मैफली सांगायच्या. कुठे ऐकली, कधी ऐकली, काय आठवतं. मुलाच्या खात्यावर दोनच होत्या. संध्याकाळी जेवताना त्यानं सहज विचारलं, "बाबा, तुम्ही कॉलेजात असताना असलं काही ऐकलं होतं का?"

वडिलांनी आधी नानांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांगतो. बत्तीस वर्षं झाली, आता नाना मारणार नाहीत."

१९८८ सालची गोष्ट. त्या वर्षी झाशीत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, शताब्दी एक्सप्रेस. देशातली पहिली शताब्दी १० जुलै १९८८ रोजी सुरू झाली ती नवी दिल्ली ते झाशी. नेहरूंच्या जन्मशताब्दीचं निमित्त होतं, आणि रेल्वे खातं होतं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांकडे. लोक नुसती गाडी बघायला स्टेशनवर जात. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, शुक्रवारी, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये एक मोठी मैफल ठरली. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला चाळीस वर्षं होत होती. त्यानिमित्त ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं जगभर वीस मैफलींचा दौरा काढला होता. लंडनपासून सुरुवात, शेवट ब्यूनॉस आयर्सला. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गेब्रियल, ट्रेसी चॅपमन आणि सेनेगलचा यूसू एन्दूर, असे पाच कलाकार एकाच मंचावर.

"शताब्दीचं तिकीट कुठलं परवडायला?" वडील सांगत होते. "पंजाब मेलच्या जनरल डब्यात बसलो. घरी सांगितलं, मित्राच्या बहिणीचं लग्न आहे ग्वाल्हेरला."

"पितृपक्षात?" नानांनी जेवता जेवताच विचारलं. "मला तेव्हाच कळलं होतं. पण चांगल्या मार्कांनी पास होत होतास म्हणून बोललो नाही."

सगळे हसले. मग मुलानं खरा प्रश्न विचारला. "पण ऐकलं काय? कुठली गाणी झाली?"

वडील विचारात पडले. त्यांना गाण्यांचा क्रम सांगता येईना. इतक्या लांबून मंचावरची माणसं मुंगीएवढी दिसत होती, हे आठवत होतं. ढोल सुरू झाला की पायाखालचं सिमेंट थरथरायचं, ते आठवत होतं. शेजारी बसलेल्या अनोळखी सरदारजीनं आपल्या डब्यातली पुरी-भाजी पुढे केली होती, ती आठवत होती. रात्री स्टेशनवर परतताना मित्राची एक चप्पल हरवली आणि तो झाशीपर्यंत एका चपलेत आला, ते तर काल घडल्यासारखं आठवत होतं. गाणी मात्र धूसर झाली होती.

यात नवल काही नाही. गाणं पुन्हा ऐकता येतं, बाजारात मिळतं. मैफलीतला शेजारी पुन्हा मिळत नाही. म्हणून मन गाणं सोडून देतं आणि शेजारी जपून ठेवतं. टाळेबंदीत लोकांना चुकल्यासारखं वाटत होतं, ते गाण्यावाचून नव्हे. घरातल्या यंत्रावर गाणं मैदानापेक्षा स्वच्छच ऐकू येतं. चुकत होती ती गर्दी, पायाखालची थरथर आणि पुरी-भाजी पुढे करणारा हात.

दुसऱ्या दिवशी मुलानं एक जुनी दोनशे पानी वही काढली. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक पान केलं आणि रोज रात्री जेवणानंतर एकेकाला बोलतं करायचं ठरवलं.

वडिलांचं पान भराभर भरलं. नोकरीच्या सुरुवातीची चार वर्षं त्यांनी मुंबईत काढली होती. तेव्हा धोबीतलावचं रंगभवन म्हणजे रॉकवाल्यांचं पंढरपूर. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं हे उघडं नाट्यगृह. १९७८ साली 'जॅझ यात्रा' तिथे सुरू झाली. १९८० च्या मार्चमध्ये 'पोलीस' हा इंग्लंडचा बँड मुंबईत वाजवून गेला. त्यात गाणारा स्टिंगच आठ वर्षांनी दिल्लीला आला होता. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा महोत्सव सुरू झाला आणि आपल्याच पोरांचे बँड आपल्याच पोरांसमोर वाजवू लागले. 'रॉक मशीन' हा त्यांतला गाजलेला बँड. पुढे १९९३ साली त्यानं आपलं नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं.

"मग आता रंगभवनात का होत नाही काही?" मुलानं विचारलं.

त्याचं कारण कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. रंगभवनाच्या एका हाताला कॉलेज, जवळपास कामा आणि जी.टी. ही रुग्णालयं. रॉकची मैफल तिथे टिकणार कशी? वडिलांना अजून त्याची हळहळ होती. पण आईनं मध्येच विचारलं, "कामा हॉस्पिटलात बाळंतीण झोपलेली असेल, तिनं काय करायचं?" त्यावर वडिलांकडे उत्तर नव्हतं. मैफल थांबवणारा प्रत्येक जण गाण्याचा वैरी नसतो. कधी तो शेजारच्या आजारी माणसाचा सोबती असतो. २०२० मध्येही तेच झालं होतं.

आजारामुळे मैफली थांबायची ती काही पहिली वेळ नव्हती. २००३ साली 'रोलिंग स्टोन्स' हा बँड आशियाच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा सार्सची साथ पसरली होती. हाँगकाँगचे कार्यक्रम पुढे ढकलावे लागले, चीनमधले रद्द झाले. भारतात मात्र ते आले. बंगळूरला आणि मग ७ एप्रिलला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. वडील तेव्हा झाशीहून खास रजा काढून गेले होते. वहीत त्या मैफलीला दीड पान मिळालं.

मग नानांची पाळी आली. त्यांनी आधी हात झटकले. "तुमच्या धांगडधिंग्यात माझं काय काम?" पण दोन घोट चहा पोटात गेल्यावर तेही सुरू झाले. ग्वाल्हेर इथून जेमतेम शंभर किलोमीटर. दर डिसेंबरात तानसेनच्या समाधीजवळ संगीत समारोह भरतो. तरुणपणी नाना कारखान्यातली पाळी संपवून गाडीनं ग्वाल्हेर गाठायचे, घोंगडी पांघरून रात्रभर ऐकायचे आणि पहाटेच्या गाडीनं परत येऊन पुन्हा कामावर. ग्वाल्हेर घराण्याचे कृष्णराव शंकर पंडित त्यांनी समोर बसून ऐकले होते. "पंडितजी काय गायले ते विचारू नकोस," नाना म्हणाले. "थंडी अशी होती की शेजारच्या म्हाताऱ्यानं आपल्या घोंगडीचं टोक माझ्या पायावर टाकलं. त्याचं नाव कधी विचारलं नाही."

मुलानं वडिलांकडे पाहिलं. पुरी-भाजी आणि घोंगडी. राग वेगळा, वाद्यं वेगळी, पण आठवण एकाच जातीची.

मग त्यानं नानांना एक चित्रफीत दाखवली. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रविशंकर आणि बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन यांनी मिळून केलेली मैफल. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ मंचावर बसले. त्यांनी वाद्यं जुळवली आणि थांबले. समोरच्या हजारो रॉकवेड्यांना वाटलं की वादन झालं. टाळ्यांचा कडकडाट! रविशंकर हसून म्हणाले की जुळवणं एवढं आवडलं, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून रॉकला धांगडधिंगा म्हणायचं त्यांनी सोडलं.

मुलाचं स्वतःचं पान लहान होतं, पण ताजं होतं. १५ डिसेंबर २०१९, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, आयर्लंडचा 'यू टू' हा बँड. चाळीसहून अधिक वर्षं एकत्र वाजवणारे चौघे पहिल्यांदाच भारतात आले होते. ए. आर. रहमानही मंचावर आला होता. बापलेक दोघं मिळून गेले होते. तीनच महिन्यांनी देश बंद होणार आहे, हे त्या गर्दीत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

एका रात्री नाना गंगाधररावांच्या नाटकशाळेबद्दल सांगत होते. महाराजांना नाटकाचं विलक्षण वेड. स्वतः पदरी नट ठेवलेले, स्वतःही भूमिका करायचे. १८५३ साली ते वारले, १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी पडली, लूट झाली, ग्रंथसंग्रहाचीही नासधूस झाली. त्या नाटकांचा एक शब्दही आज ऐकायला मिळत नाही. त्या दिवसांतली झाशी आज डोळ्यांपुढे उभी राहते, याचं मोठं श्रेय वरसईच्या एका भिक्षुकाला. विष्णुभट गोडसे वेढ्याच्या काळात झाशीत अडकले होते. पाहिलं ते त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहून काढलं आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते 'माझा प्रवास' म्हणून छापलं. "म्हणून लिहून ठेव," नाना नातवाला म्हणाले. "सांगितलेलं विरतं, लिहिलेलं राहतं."

मुलगा वही चाळू लागला. नानांची चार पानं, वडिलांची सात, स्वतःची दोन. आणि आईच्या नावाचं एक पान. त्यावर नावाखाली काहीच नव्हतं.

"आई, तुझं राहिलंच की."

आई ओट्यापाशी दूध विरजत होती. "माझं काय असणार?" ती म्हणाली. "मी कधी गेले?"

हे ती रागानं म्हणाली नव्हती. म्हणूनच घरात एकदम शांतता झाली. मुलानं मनातल्या मनात तारखा जुळवल्या. २००३ मध्ये वडील ब्रेबॉर्नला गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि त्याला गोवर निघाला होता. घरी कोण थांबलं होतं? २०१९ मध्ये बापलेक नवी मुंबईला गेले, तेव्हा नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. थेंब कोण घालत होतं? आणि नाना रात्र-रात्र ग्वाल्हेरला बसायचे, तेव्हा आजीनं दारात कंदील ठेवून किती पहाटा काढल्या असतील? वहीतल्या प्रत्येक मैफलीच्या मागे घरी थांबलेली एक बाई होती. तिचं नाव कुठल्याच पानावर नव्हतं.

"दर वेळी दोन गोष्टी मात्र मी दिल्या," आई हसत म्हणाली. "डबा आणि कानात घालायला कापूस."

"कापसानं काही होत नाही आई," मुलगा म्हणाला. ते खरंच आहे. मोठ्या मैफलीत आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. पंच्याऐंशी डेसिबलच्या पुढे बराच वेळ राहणं कानाला घातक असतं. साध्या कापसानं तो आवाज फारसा अडत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, ते नीट बसवले तर कान वाचतात आणि गाणंही ऐकू येतं.

"तुम्ही सगळे सांगता ना, छातीत धडधडतं म्हणून," आई म्हणाली. "ते काय असतं, एकदा बघायचंय."

दिवस सरत गेले. गल्लीत राहणारा बँडवाला त्या वर्षी अख्खी सहालग घरी बसून होता. २६ एप्रिलची अक्षय तृतीया कोरडी गेली. पुढे लग्नाला पन्नास माणसांची परवानगी मिळाली, पण पन्नासांत बँड कोण मोजणार? संध्याकाळी तो गच्चीवर ट्रम्पेट वाजवायचा, ओठांची सवय जाऊ नये म्हणून. आई खिडकीशी उभी राहून ऐकायची. वाणसामान आणताना एक पिशवी त्याच्याकडे जाऊ लागली. आठवणींवर श्रोत्यांचं भागतं, वाजवणाऱ्याचं पोट भागत नाही, हे तिनं कुणी न सांगता ओळखलं होतं. मांडववाले, दिवेवाले, तबल्याची शाई लावणारे, सगळ्यांचीच तेव्हा तीच गत होती.

हळूहळू कुलपं निघाली. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं होऊ शकला नव्हता. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा भरला. त्यानंतर महिन्याभरानं, २८ आणि २९ जानेवारी २०२३ रोजी, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 'लोलापलूझा' हा अमेरिकेत जन्मलेला महोत्सव भारतात पहिल्यांदाच झाला. पहिल्या रात्रीचा मुख्य बँड होता 'इमॅजिन ड्रॅगन्स'.

मुलाला तोवर पुण्यात नोकरी लागली होती. त्यानं दोन तिकिटं काढली आणि झाशीला फोन केला. वडिलांना वाटलं, आपल्यासाठीच. ते रजेचा हिशोब करू लागले.

"बाबा, तिकीट आईचं आहे," मुलगा म्हणाला. "तुम्ही घरी थांबा. नानांच्या गोळ्या सकाळी सात, दुपारी एक, रात्री नऊ."

वडील क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बरोबर आहे. डबा मी करून देतो."

आई पंजाब मेलनंच मुंबईला गेली. १९१२ पासून धावणारी ही गाडी, वडिलांना एकदा दिल्लीला नेणारी. वडिलांनी केलेल्या पुऱ्या थोड्या वातड झाल्या होत्या, पण डब्यात भरपूर होत्या. पर्समध्ये फोमच्या बोळ्यांच्या दोन जोड्या, पायांत बांधायचे बूट. चपलेची गोष्ट ती विसरली नव्हती.

परत आल्यावर मुलानं फोनवर विचारलं, "आई, पान भरलंस का?"

तिनं वही काढली होती. तारीख लिहिली, ठिकाण लिहिलं, बँडचं नाव दोनदा खोडून नीट लिहिलं. छातीत खरंच धडधडतं, हेही लिहिलं. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीला सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून चक्कर आली, तिला दोन पुऱ्या दिल्या, हे लिहिलं. आणि शेवटी एक ओळ लिहिली, जी वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि मग वही बंद करून चहाचं आधण स्वतःच ठेवलं.

'सात तास उभी होते. तेवढ्या वेळात कुणीही मला चहा टाक म्हटलं नाही.'